काचेच्या टाकीतील जिवंत पाणी

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो तेव्हा बहुतेकांची पावले प्रयोगशाळेच्या व्हरांड्याकडे वळतात. तिथे तीन फूट लांबीची काचेची टाकी आहे. आत हिरव्या वनस्पतींची दाटी आहे आणि त्यांतून गप्पी मासे फिरत असतात. एका तुकडीने शाळेला दिलेली ती भेट आहे. ती पाहून झाली की हमखास एक प्रश्न येतो : "सर, आम्हीही घरी फिश टँक आणला होता. पंधरा दिवसांत सगळे मासे मेले. तुमचे कसे टिकले?"

खरे उत्तर असे की आमचेही मेले होते. इतिहासाच्या शिक्षकाकडे हे काम आले, ते विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाल्यामुळे. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून जे घडले ते सांगितल्याशिवाय टाकी कशी लावावी हे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी ती हकीकत आणि ती पद्धत, दोन्ही एकत्र लिहीत आहे.

पहिली टाकी

दिवाळीनंतरचे दिवस होते. आपल्या भागातील अनेक कुटुंबे त्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि मुलांना वसतिगृहात सोडून जातात. टाकी त्याच आठवड्यात बसवली. वनस्पती जोमाने वाढाव्यात म्हणून मी तळाशी चांगले चार बोटे शेणखत घातले, त्यावर वाळू पसरली, बोअरचे पाणी भरले, वनस्पती लावल्या आणि दुसऱ्याच दिवशी बारा मासे सोडले. पाणी आरशासारखे दिसत होते. मुले रांगा लावून बघत होती.

चौथ्या दिवशी सकाळी पाच मासे तळाशी पडलेले आढळले. उरलेले पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत होते. संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. त्या रात्री वसतिगृहात एक कुजबुज सुरू झाली. ऊसतोड कामगाराचा एक मुलगा नुकताच दाखल झाला होता. आदल्या दिवशी त्याने कुतूहलाने टाकीत हात घालून वनस्पतीला स्पर्श केला होता, आणि ते काहींनी पाहिले होते. "त्याने हात घातला म्हणून पाणी नासले," असे मुले म्हणू लागली. तो मुलगा दोन वेळ जेवायला आला नाही.

हे वाक्य मी आपल्या शाळेत ऐकले, जिथे प्रत्येक सकाळ त्रिसरण-पंचशीलाने सुरू होते. बोलणारी मुले लहान होती, त्यांच्या मनात जातीचा विचार असेल असे मला वाटत नाही. परंतु वाक्याची घडण जुनी होती. कोणाच्या हाताने पाणी बाटते, हा विचार आपल्या समाजाने शतकानुशतके सोसला आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली आणि पाणी प्याली. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्येच केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली. दही, दूध, शेण आणि गोमूत्र घातलेल्या घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवण्यात आल्या. न्यायालयीन लढा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपला पक्ष विजयी झाला.

हा प्रसंग मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो आहे. त्या रात्री मात्र तो वेगळ्या अर्थाने समोर आला. माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध होते आणि शेणाने शुद्ध होते, हा महाडच्या 'शुद्धी'चा दावा होता. माझ्या टाकीत एका मुलाचा हात गेला होता आणि माझ्याच हाताने चार बोटे शेणखतही गेले होते. मासे कशाने मेले, हे कल्पनेवर सोडण्याचे कारण नव्हते. ते मोजता येत होते.

कारण शोधताना

पाणी तपासण्याचा संच मागवला. परीक्षानळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की रंग बदलतो आणि तो तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. आमच्या नळीतला रंग गर्द हिरवा झाला. मुलांना दुसऱ्या तपासणीची गरजच उरली नाही.

अमोनिया येतो कुठून, हे समजले की मत्स्यालयाचे अर्धे शास्त्र समजले. माशांची विष्ठा, त्यांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा टाकाऊ भाग, न खाल्लेले खाद्य, कुजलेली पाने आणि शेणखत यांतून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, त्याला रंग नसतो, म्हणून पाणी निर्मळ दिसते. माशांचे कल्ले मात्र त्याने भाजल्यासारखे होतात. शिवाय शेण कुजताना पाण्यातील प्राणवायूही खर्च होतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत होते, ते यामुळे.

आपल्या भागापुरती आणखी एक अडचण आहे. बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. अमोनियाची दोन रूपे असतात, एक सौम्य व एक जहाल, आणि पाणी जितके अल्कधर्मी तितके जहाल रूपाचे प्रमाण अधिक. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की जहाल अमोनियाचा वाटा सुमारे दहापट होतो. म्हणून जो निष्काळजीपणा मऊ पाण्याच्या गावात चार दिवस खपून जातो, तो आपल्याकडे एका रात्रीत जीव घेतो.

निसर्गात हा अमोनिया साठून का राहत नाही? कारण तो संपवणारे जिवाणू वाळूवर, दगडांवर, पानांवर राहतात. त्यांचा एक गट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो. नायट्राइटही माशांना घातक असते. दुसरा गट त्याचे नायट्रेट करतो. नायट्रेट अल्प प्रमाणात निरुपद्रवी असते आणि वनस्पतींचे ते खाद्य आहे. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत हे जिवाणू नसल्यासारखेच असतात. त्यांची वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. 'पंधरा दिवसांत सगळे मासे मेले' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एवढेच असते.

परिपाठाच्या वेळी मी सर्व मुलांसमोर ती हिरवी नळी धरली आणि सांगितले की मासे माझ्या घाईने आणि माझ्या शेणखताने मेले. ज्या मुलावर आळ आला होता त्याची मी सर्वांसमक्ष क्षमा मागितली. 'हे आहे म्हणून ते घडते' हा तथागतांचा कार्यकारणाचा विचार आपण धम्मवर्गात शिकवतो. कारण न शोधता माणसाला दोष देणे, ही त्या विचाराकडे पाठ फिरवणे आहे, हे मुलांना त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी टाकी : पद्धत

नंतर टाकी रिकामी करून पुन्हा नव्याने लावली. तीच पद्धत इथे क्रमाने देतो.

जागा आणि वजन. आमची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. तिचे आकारमान सुमारे १०५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ८५ लिटरच्या आसपास मावते. सगळे मिळून वजन सव्वाशे किलोपर्यंत जाते. म्हणून लोखंडी किंवा पक्क्या लाकडी स्टँडशिवाय ती ठेवू नये. खाली थर्माकोलचा पत्रा घालावा, म्हणजे काचेवर ताण सम पडतो. खिडकीतील थेट ऊन टाळावे. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. टाकी लहान असेल तर पाण्यातील बदल अधिक वेगाने होतात, म्हणून नवशिक्याने अगदी छोटी टाकी घेऊ नये.

वाळू आणि दगड. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची खडी किंवा जाडसर वाळू घ्यावी. पाणी गढूळ येणे थांबेपर्यंत बादलीत धुवावी. आपल्या काळ्या मातीच्या शिवारात पांढऱ्या चुनखडीचे खडे मुबलक असतात. ते टाकीत गेले तर पाणी आणखी जड होते. ओळखण्याची रीत सोपी आहे : दगडावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फेस आला तर त्यात चुना आहे, तो बाजूला ठेवावा. आपला काळा बेसाल्ट फेसाळत नाही. वाळूचा थर दोन इंच असावा. खाली माती घालायचीच असेल तर खत न घातलेली, चाळलेली माती एक इंचापेक्षा अधिक नको आणि तिच्यावर दीड-दोन इंच वाळू हवीच. शेणखत, गांडूळखत, युरिया यांपैकी काहीही घालू नये.

पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवावे. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो, त्यामुळे तेही रात्रभर ठेवून मगच वापरावे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी टाकीत कधीही घालू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. पावसाळ्यातील पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून छपरावरून साठवलेले पाणी फार उपयोगी पडते. उन्हाळ्यात टाकीतील पाणी वाफ होऊन घटते, पण क्षार मागे राहतात. ती घट बोअरच्या पाण्याने भरत गेल्यास पाणी दर आठवड्याला अधिक जड होते. ती पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्याने भरावी.

वनस्पती. आरंभी महाग, नाजूक वनस्पती घेऊ नयेत. फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया, तळ्यांत सहज आढळणारी हायड्रिला आणि ओल्या जागी उगवणारी ब्राह्मी या तिन्ही जड पाण्यात टिकतात. ब्राह्मी पाण्याखालीही वाढते, हे अनेकांना ठाऊक नसते. तळ्यातून आणलेल्या वनस्पतीबरोबर जळवा किंवा चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी माशांची पिल्ले खाते. म्हणून वनस्पती आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी, पाणी बदलत राहावे आणि मगच लावावी. पहिल्या दिवसापासून टाकी शक्य तितकी दाट लावावी. वनस्पती स्वतःच अमोनिया शोषून घेतात आणि शेवाळाला खाद्य उरू देत नाहीत.

प्रकाश आणि हवा. एलईडी दिवा रोज सहा ते सात तास पुरे. त्याहून अधिक वेळ ठेवला तर काच हिरवी होते. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त आणि भरवशाचा असतो. जिवाणूंची मोठी वस्ती त्या स्पंजात राहते. म्हणून स्पंज नळाखाली कधीही धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळावा. वीज तासन्‌तास गेली तर जिवाणूंनाही प्राणवायू मिळत नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवावा.

सहा आठवड्यांची प्रतीक्षा. हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टाकी भरली, वनस्पती लावल्या, पण मासे सोडायचे नाहीत. माशांच्या खाद्याची एक चिमूट दर दिवशी किंवा दिवसाआड टाकायची. ती कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. दर तीन दिवसांनी पाणी तपासून वहीत नोंद करायची. आधी अमोनिया वाढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. लागोपाठ आठवडाभर दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार झाली. एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंज काही दिवस आपल्या टाकीत ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. बाजारातील रंगीत द्रावणाची बाटली विकत घेण्यापेक्षा ओळखीच्याकडून वापरलेला स्पंज मागून आणणे शहाणपणाचे आहे.

मासे. जड पाण्याला गप्पी हा सर्वांत योग्य मासा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो भारतात आणला गेला आणि आजही हिवताप नियंत्रणासाठी आरोग्य खाते तो डबक्यांत सोडते. प्रथम पाच-सहाच सोडावेत. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, मग टाकीतील थोडे थोडे पाणी तिच्यात घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. दोन आठवडे अमोनिया शून्य राहिला तर आणखी काही आणावेत. नर-मादी एकत्र ठेवल्यास संख्या भराभर वाढते, हे ध्यानात असावे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. आठवड्यातून एक दिवस उपवास. मासे भुकेने क्वचित मरतात, माणसाच्या प्रेमाने अधिक मरतात.

ऋतू. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाते. तेव्हा झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा, दिवा कमी वेळ लावावा, खाद्य घटवावे. थंडीत पाणी २० अंशांखाली जाऊ लागले तर एवढ्या टाकीला १०० वॅटचा हीटर पुरतो. २४ ते २८ अंशांत गप्पी सुखी असतात.

वनस्पतीयुक्त टाकीचा शोध

काचेच्या भांड्यात मासे पूर्वीही ठेवीत, पण पाणी सतत बदलावे लागे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरियाचे रोप एकत्र ठेवून पाहिले. काही काळाने पाने कुजू लागली, काचेवर बुळबुळीत थर आला. त्याने त्यात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने व तो थर फस्त केला आणि पाणी न बदलता टाकी टिकली. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांनी शालेय सहलीत ते पाहिले असेल.

वॉरिंग्टनला जिवाणूंची ही कामगिरी ठाऊक नव्हती, परंतु त्याने एक गोष्ट ओळखली होती : टाकीत डोळ्यांत भरणारे मासे असतात आणि त्यांना जगवणारे दुसरेच असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे दृश्य ओळखीचे वाटते. गाव स्वच्छ ठेवणाऱ्यांची नावे गावाच्या इतिहासात सहसा लिहिलेली नसतात.

पाण्याचा हिशेब

एका पालकांनी मला रोखठोक विचारले होते : "सर, आमच्याकडे टँकरची वाट बघतात आणि तुम्ही माशांना पाणी घालता?" प्रश्न योग्य आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

उत्तर असे : टाकी एकदा भरली की आठवड्याला साधारण २० लिटर पाणी बदलावे लागते. काढलेले पाणी आम्ही गटारात सोडत नाही. त्यात वनस्पतींना हवे असलेले नायट्रेट असते. ते पाणी विहारासमोरच्या पिंपळाला आणि परसबागेला जाते. झाडांना जे पाणी एरवीही द्यावे लागले असते तेच टाकीतून फिरून जाते. तीव्र टंचाईच्या वर्षी मात्र मासे कमी ठेवावेत, म्हणजे पाणी बदलण्याची गरजही घटते. माणसाला प्यायला नसताना नवी टाकी लावू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

आणखी एक पथ्य. कंटाळा आला, मासे जास्त झाले, वनस्पती माजली, म्हणून त्या बाणगंगेत किंवा तलावात सोडू नयेत. शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते आपण पाहतो. टाकीतील सकरमाउथ मासेही देशातील अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आले आहेत. जास्तीचे मासे दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावेत, जास्तीची वनस्पती वाळवून खतात घालावी. पंचशीलातील पहिले शील केवळ न मारण्यापुरते नाही. आपण ज्याला काचेत ठेवले त्याच्या जगण्याची जबाबदारी आपली, आणि आपल्या हौसेने इतरांचे जगणे धोक्यात येऊ नये, हेही त्यातच येते.

नोंदवही

दुसरी टाकी लावली तेव्हा पाणी तपासण्याचे काम मी त्याच मुलाकडे दिले. सहा आठवडे तो दर तीन दिवसांनी नळी उजेडाला धरून रंग ताडायचा आणि वहीत लिहायचा. इतर मुले पहिल्या पंधरवड्यातच "सर, आता मासे सोडू या" म्हणून मागे लागली होती. तो त्यांना वही दाखवायचा. नायट्राइट शून्य झाल्याशिवाय त्याने मला मासे आणू दिले नाहीत.

ती वही आजही प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. पुढच्या तुकड्यांनी तिच्यात भर घातली आहे. आपल्यापैकी कोणी घरी टाकी लावणार असेल तर मेळाव्याच्या दिवशी ती जरूर पाहावी. आणि जुन्या टाकीतील स्पंजाचा तुकडा हवा असेल तर येताना झाकणाचा डबा घेऊन यावा. आम्ही तो आनंदाने देऊ.

जय भीम. नमो बुद्धाय.